गल्लीचा डावा गुडघा

औषधाच्या दुकानातल्या बाईंना सगळी गल्ली फौजदारीणबाई म्हणे. अर्थात पाठीमागे. इतर दुकानांत माणूस डोकं धरून आला की त्याला गोळी मिळे, इथे आधी जबानी द्यावी लागे. कधीपासून दुखतंय, नेमकं कुठे, आतापर्यंत काय घेतलं, दुसरं कुठलं औषध चालू आहे का, पोटाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना काही त्रास? असे पाच प्रश्न. सर्दीलाही पाचच आणि पाठीत उसण भरली तरी पाचच. तळपायाचं कुरूप घेऊन आलेले एक गृहस्थ चौथ्या प्रश्नाला 'आलोच' म्हणून जे गेले, ते चार वर्षांनी त्याच कुरूपासह उगवले. बाईंनी चौथ्या प्रश्नापासून पुढे सुरू केलं.

एवढं करून अर्ध्या लोकांना त्या हात हलवत परत पाठवत. घसा खवखवतोय, तर गुळण्या करा. डोकं दुखतंय, तर आधी सांगा, सकाळपासून पाणी किती प्यायलात? आपल्या प्रश्नांच्या जाळीतून काही निसटत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत टिकली.

बाईंचं घर दुकानामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पायऱ्या बावन्न, लिफ्ट नाही. सासऱ्यांनी आयुष्यभर शिंपीकाम केलेलं, म्हणून ते सगळ्यांचे मास्तर. वय चौऱ्याहत्तर. अजूनही खिडकीच्या उजेडात मशीन मांडून गल्लीतल्यांच्या पँटी आखूड करून देत. सासूबाईंनी मात्र वर्षभरापूर्वीच जाहीर करून टाकलं होतं, "ह्यांचा गुडघा ज्या दिवशी कुरकुरेल, त्या दिवशी आपण धाकट्याकडे. तिथे लिफ्ट आहे."

धाकट्याकडे लिफ्ट होती, गुळगुळीत फरशी होती आणि शिवणाच्या मशीनला मनाई होती, शेजाऱ्यांना आवाज चालत नसे. त्या दिवसापासून मास्तरांच्या गुडघ्याने चकार शब्द काढला नाही.

रक्तदाब मात्र कारण नसताना चढला. डॉक्टरांनी गोळी वाढवली, सासूबाईंनी मीठ उतरवलं. भाजी कुठली आहे ते आता रंगावरून ओळखावं लागे. तरी आकडा खाली येईना, आणि मीठ आणखी कमी करायला जागा उरली नव्हती.

त्याच सुमारास बँकेतले कॅशियर दुकानात आले. "डावा गुडघा. आतल्या बाजूने. टाचणी राहून गेल्यासारखं टोचतं." पाचही प्रश्नांची उत्तरं त्यांनी न अडखळता दिली. बाईंनी दुखण्याच्या गोळ्यांचं दहाचं पाकीट दिलं. पुढच्या आठवड्यात न्हावी आला. "डावा गुडघा, बाई. आतल्या अंगाने. अस्तरात टाचणी राहिल्यासारखं." त्यालाही पाकीट मिळालं. गल्लीतला रस्ता फार उंचसखल झालाय, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात एका सकाळी गाणं शिकवणाऱ्या मावशी आल्या. डावाच गुडघा. "जिना उतरताना शिवण उसवल्यासारखं कर्रकर्र होतं."

बाईंचा हात पाकिटावरच थांबला. या मावशी बटण तुटलं तरी लावायला मास्तरांकडे देत.

"मावशी, हा गुडघा कुणाचा?"

"अगंबाई, कुणाचा म्हणजे? माझाच."

"जरा खाली बसून उठा बघू."

मावशी बसल्या आणि फुलासारख्या उठल्या. मग आठवलं तशा कण्हल्या, पण ते कण्हणं दोन मात्रा उशिरा आलं.

"उठबशांचं मला कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पाच प्रश्नांचीच तयारी करून घेतली होती."

"छान करून घेतलीय."

"दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. वर म्हणाले, सूनबाईला कळलं तर तुमच्या ब्लाउजला एकच बाही लावून देईन."

मावशी गेल्या आणि बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी हिशेब मांडला. दोन पाकिटं, वीस गोळ्या. या गोळ्यांनी रक्तदाब चढतो, रक्तदाबाच्या गोळीचा गुण उतरतो आणि म्हातारपणी मूत्रपिंडांवर ताण येतो, हे त्या रोज दहा जणांना सांगत. बिचाऱ्या मिठाला दोन आठवडे उगाच वनवास घडला होता. पाच प्रश्नांत 'कोणासाठी?' हा प्रश्नच नव्हता. जो दुखणं सांगतो त्याचंच ते असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

आता घरी बोलावं तर मास्तरांची खिडकी जाणार, न बोलावं तर मूत्रपिंडं.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसल्यावर बाई म्हणाल्या, "बाबा, आमच्याकडे एक गिऱ्हाईक आहे."

"असेल," मास्तर म्हणाले आणि सावकाश चावू लागले.

"डावा गुडघा दुखतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. आणि वर चोरून दुखण्याच्या गोळ्या खातं."

"काय तरी मूर्ख माणूस," सासूबाई म्हणाल्या.

"मूर्ख कशाला? त्याची काही अडचण असेल."

"असेलच, बाबा. पण रक्तदाब त्या गोळ्यांनीच चढतोय, आणि डॉक्टर डोस वाढवत बसलेत."

"मग त्याने काय करायचं? गुडघा काढून खुंटीला टांगायचा?"

"त्या गोळ्या आजपासून बंद. अगदीच दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही मोजून. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. मांडी भक्कम झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. उद्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं खरं सांगायचं, रक्त तपासायचं. आणि शौचाला काळी झाली तर—"

"जेवताना काय हे," सासूबाई म्हणाल्या.

मास्तर ताटात बघत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि जिना? जिना बंद करावा लागेल त्याला?"

"लगेच नाही. कठडा धरून जायचं. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा."

"म्हणजे घर सोडायला नको."

"गुडघ्यापायी नको. पण मूत्रपिंडं गेली तर धाकट्याकडची लिफ्ट काय कामाची?"

बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. मास्तरांचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी शांतपणे पाण्याचा पेला भरला.

"त्या गिऱ्हाइकाला सांग," त्या म्हणाल्या, "की महिनाभर तू दर मजल्यावर थांबून चपलेचा पट्टा नीट करतोस, हे बायकोला दिसतं. चपलेला पट्टाच नाही, हेही दिसतं."

"मग ती बोलली का नाही?" मास्तरांनी विचारलं.

"बोलली असती तर जावं लागलं असतं. आधी शब्द देऊन बसली होती. आणि धाकट्या सुनेच्या स्वयंपाकघरात तिला चमचाही सापडत नाही." एवढं म्हणून त्या बाईंकडे वळल्या. "पण गोळ्यांचं तिला ठाऊक नव्हतं. उद्या त्याच्याबरोबर तीही डॉक्टरांकडे येईल म्हणावं."

डॉक्टरांनी मास्तरांना जे सुनावलं ते सासूबाईंनी घरी येऊन दोनदा म्हणून दाखवलं. रक्त ठीक निघालं. दोन आठवड्यांत आकडा उतरला, गोळी पूर्वीएवढी झाली आणि मीठ अर्ध्यावर परतलं. धाकट्याकडच्या लिफ्टचा विषय सासूबाईंनी पुन्हा काढला नाही.

दुकानात आता सहा प्रश्न आहेत. परवा न्हावी लंगडत आला, तेव्हा नवा सहावा प्रश्न सगळ्यात आधी त्याच्या वाट्याला आला. "माझ्याचसाठी हो, बाई," तो कळवळून म्हणाला. बाईंनी त्याला तीनदा उठबशा काढायला लावल्या. तिसऱ्या खेपेला तो उठलाच नाही, तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

दुपारी दुकान बंद करून बाई जिना चढतात, तेव्हा वरून मशीनचा आवाज येत असतो. मध्येच तो थांबतो. बाईही पायरीवर थांबतात आणि मनात मोजू लागतात. दहा झाले की मशीन पुन्हा सुरू होतं. कधीकधी ते सातालाच सुरू होतं. मग बाई वर गेल्यावर म्हणतात, "बाबा, त्या गिऱ्हाइकाला सांगा, तीन राहिलेत."