राजाच्या तसबिरींवर गेलेला माझा बैल

वाशिमच्या तसबीरवाल्याने मला फसवलं, आणि त्याला ती सोय विलायतेच्या राजाने करून दिली.

केनवडच्या बाजारात मी गुरांची दलाली करत असे. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. जीभ आणि बोटं एवढंच भांडवल. बोटं अशासाठी, की आमच्याकडे जनावराचा सौदा रुमालाखाली होतो. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं धरून आकडा सांगायचा, आणि बोटं दाबली की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. हा नियम मी वीस वर्षं लोकांच्या उरावर बसून पाळायला लावला.

हिवाळ्यातल्या एका बाजारी तसबीरवाल्याची नजर माझ्या गाडीच्या जोडीतल्या एका बैलावर गेली. वासरापासून वाढवलेला, विकायला आणलेलाच नव्हता.

"पैसा नाही देत, तसबिरी देतो," तो म्हणाला. "नवा राजा उन्हाळ्यात मुकुट घालनार. शाळा, चावडी, पाटलाचं घर, सगळ्याईले त्याचा फोटू लागनार."

"अन् नाही खपल्या त?"

"काहून नाही खपनार? राजा का पळून जाऊन राह्यला?"

मी हसलो. रुमालाखाली त्याने चार बोटं धरली, म्हणजे चार डझन. मी पाचवं धरायला लावलं आणि दाबलं. शेजाऱ्याची बैलजोडी मागून गाडी घरी आणावी लागली, तरी मी खुशीत. एक डझन जास्त काढलं ना!

पहिली तसबीर घेऊन गावच्या मास्तरांकडे गेलो.

"भाऊ, हा राजा त गेला," मास्तर म्हणाले.

"मेला?"

"नाही हो. बाईसाठी गादी सोडली. तिचे आधीचे दोन नवरे जित्ते हायेत, म्हणून तिकडचे धर्मगुरू लगीन लावू देईनात. आता धाकटा भाऊ बसला."

आमच्याकडे अशा बाईचा पाट पंच एका सकाळी लावतात. नारळ, गूळ, दोन शिव्या, आणि दुपारी नवरदेव नांगर धरतो. अर्ध्या जगाच्या मालकाला चार पंच जमवता आले नाहीत!

मास्तरांनी पेपर पुढे केला. वाशिमात तो पेपर आमच्या सौद्याच्या आदल्या दिवशीच आला होता. आणि तसबीरवाला म्हणजे दुकानाच्या पायरीवर रोज लोकांना पेपर वाचून दाखवणारा माणूस.

पुढच्या बाजारी मी त्याची गचांडी धरली. त्याने उलट मलाच विचारलं.

"बोटं दाबली का नाही तुमी?"

"दाबली."

"मंग? फिरायचं नाही, हे तुमीच सांगता ना?"

सारा बाजार खदखदून हसला. माझ्या नियमात अडकून आजवर चरफडलेली माणसं सगळ्यात पुढे होती.

तसबिरी शेवटी गावातल्या बायकांनी काचेसाठी नेल्या. काचेमागे गणपतीचं चित्र सरकवलं, त्याच्यामागे राजा तसाच. अजून गणपतीबरोबर राजाचीही आरती होते.

तिकडे गादीला भाऊ मिळाला. माझ्या जोडीतला उरलेला बैल मात्र दुसऱ्या कुणाबरोबर चालेना. जू मानेवर ठेवलं की बसकण मारायचा. बटईने घेतलेल्या शेतात ऐन पेरणीत मी त्याच्यापुढे हात जोडून उभा.

राजाने गादी का सोडली ते निदान साऱ्या जगाला सांगितलं म्हणे. तसबीरवाल्याने एवढंच सांगावं, पंचांसमोर, माझ्या डोळ्यांत बघून: बैलाचा कासरा हातात घेतलास, तेव्हा राजा गेल्याचं तुला ठाऊक होतं की नाही?