पंधरा वर्षांची होऊन बसले

अलिबागला डॉक्टरांचं प्रशिक्षण होतं. वयात येणाऱ्या मुलांशी वजनाबद्दल कसं बोलावं, हे त्यांना शिकवायला मी, चाळिशीतली समुपदेशक, पंधरा वर्षांची जाड मुलगी होऊन खुर्चीत बसले होते. एकेक डॉक्टर समोर येऊन बोले. "वडापाव बंद कर." "आत्ताच एवढी, तर पुढे काय?" नाटकच होतं, पण दुपारपर्यंत माझी मान वर होईना.

शेवटी एक वयस्कर डॉक्टर आले. "आज वजनाबद्दल बोललेलं चालेल तुला?"

"नको."

"बरं. मग शाळेत काय आवडतं ते सांग."

मी माझ्याच लहानपणच्या लंगडीबद्दल सांगत राहिले. मग मी आपणहूनच म्हणाले, "हल्ली धावताना दम लागतो."

बाकीचे डॉक्टर लिहून घेऊ लागले. मला फक्त घरी जाऊन पडायचं होतं.