वापसा सांगणारे पाय

माझ्या तळपायांना काही लागत न्हाई, याला आता चार महिने झाले. साखरेचा आजार त्याच्या बी आधीपासूनचा. पाय झोपलेत म्हणावं, तर झोपलेल्या पायाला मुंग्या तरी येतात. इथं तेही न्हाई. घनसावंगीच्या डॉक्टरनं टाचणीसारखं काहीतरी हातात घेतलं आणि विचारलं, "आजी, लागलं का?"

मी म्हणलं, "टोचा तरी आधी."

तो म्हणला, "टोचून झालं."

तेव्हापासून अनवाणी फिरायला बंदी. सून रोज संध्याकाळी मोबाईलची बॅटरी लावून माझे तळवे बघती. काटा, फोड, काही हाय का. मी भिंतीकडं बघत बसते.

हे सांगायचं कारण वापसा. पाऊस उघडला की काळ्या रानात लगेच पेरता येत न्हाई. ओल मुरावी लागती. माती पायाला गार तर लागावी पण चिकटू नये, तेव्हा वापसा आला म्हणायचं. आमच्या घरात तो माझे पाय सांगायचे. मालक होते तेव्हा बी तेच. मी बांधावर चप्पल काढायची, दहा-वीस पावलं चालायची आणि म्हणायची, आज न्हाई, परवा. लोक मुठीत माती दाबून बघतात. आमच्याकडं कुणी मूठ दाबली न्हाई.

यंदा हरभऱ्याच्या टायमाला पाऊस लांबला. उघडल्यावर लेकानं ट्रॅक्टर सांगून ठेवला आणि मला गाडीवर बसवून रानात नेलं.

"माय, बघ बरं."

पाय बधिर झालेत हे त्याला ठाऊक होतं. पण मंग वापसा कोण सांगणार, हे त्याच्या ध्यानातच आलं न्हाई. मी बी बोलले न्हाई. सवयीनं चप्पल काढली, चालले. खाली माती होती का सतरंजी, मला काही कळलं न्हाई. वरची ढेकळं फिक्की दिसत होती, टिटव्या फिरत होत्या. म्हणलं, "आला. पेर."

तिसऱ्या फेरीला चाकं चिखलानं भरली. पेरणीयंत्राच्या नळ्या तुंबल्या. ड्रायव्हर खाली उतरला. "वापसा आला म्हणून कुणी सांगितलं हो तुम्हाला?"

लेक म्हणला, "मीच बघितला."

पेरणी थांबवून आम्ही घरी आलो. ओट्यावर टेकल्यावर लेक म्हणला, "माय, तुला कळलं न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग तसं म्हणायचं की."

"म्हणलं असतं तर परत नेलं असतंस का मला?"

सुनेनं माझा पाय मांडीवर घेऊन वाळलेला चिखल खरवडला. त्याच्याखाली बाभळीचा काटा निघाला. निघाला तेव्हा बी मला कळलं न्हाई, तिनं दाखवला म्हणून दिसला.

चार दिवसांनी तीच म्हणली, "चला आत्याबाई, रानात."

मी बांधावर चप्पल घालूनच उभी राहिले. तिनं तिची काढली आणि आत गेली.

"गार लागतंय."

"चिकटतंय का?"

"बोटांच्या मधी थोडं."

"टाच दाब. खाली मऊ हाय का पाणी सुटतंय?"

"मऊ. पाणी न्हाई."

"मंग उद्या सकाळी. ट्रॅक्टरवाल्याला सांग."

मी न सांगताच ती अजून पुढं चालत गेली, पार विहिरीपस्तोर. टिटवी ओरडत तिच्या डोक्यावरून फिरत होती. मला बरं वाटलं असं सांगता यायचं न्हाई. वाईट बी बिलकुल वाटलं न्हाई. तिची चप्पल तेवढी उचलून हातात धरली, न्हाईतर कुत्रं नेतं.