सिमेंटचा पूल आणि आठ गाड्या

होळीनंतरचा नववा दिवस, गुरुवार. गाडीमागे भाडं एक रुपया हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यात; गाड्या आठ, म्हणजे आठ रुपये. ठरवताना हजर होते पुलाचा ठेका घेतलेला गुत्तेदार, सरकारी ओव्हरसियर, पूल बांधणारा मिस्त्री आणि आम्ही आठ गाडीवाले. गाव आणि बाजार यांच्या मधल्या ओढ्यावरचा हा पूल आता जुना झाला. तेव्हा तो कोरा होता, अंमल निजामाचा होता आणि मी बत्तीस वर्षांचा होतो.

काम सोपं होतं. प्रत्येक गाडीत जोंधळ्याची आठ पोती भरायची, पोत्याला अडीच मण. चार-चार गाड्या दोन रांगांत पुलावर तासभर उभ्या करायच्या. तडा गेला नाही तर पूल पास, आणि मिस्त्रीची दोन महिन्यांची अडकलेली मजुरी, चाळीस रुपये, तिथल्या तिथे सुटणार. शनिवारी पूर्णेला त्याचं पुढचं काम सुरू व्हायचं होतं. ते त्याच्यासाठी थांबणार नव्हतं.

अडचण एकच. सिमेंटचा पूल आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. दगडावर दगड बसवलेला दिसतो. हा म्हणजे कालवून ओतलेला चिखल, असं आमचं मत. बैल मात्र घरचे होते. म्हणून मी आठातली तीन पोती भुशाने भरली आणि तोंडाशी जोंधळा घातला. बाकीचे सात जण खरं वजन नेतीलच, पूल तपासायला तेवढं पुरे, असा माझा हिशेब.

बैल त्या पांढऱ्या जमिनीवर पाय ठेवीनात. कडबा अंथरला तेव्हा गेले. पाव तास बरा गेला. मग माझ्या डाव्या बैलाने पुढच्या गाडीतलं पोतं चघळायला घेतलं. गाडी माझ्या चुलत्याची. पोतं फाटलं आणि भुसा भळाभळा खाली आला.

ओव्हरसियरने सगळी पोती उघडायला लावली. चौसष्टांपैकी सत्तावीस भुशाची निघाली. आठही जणांनी माझाच हिशेब केला होता. त्याने वही मिटली आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणाला.

मिस्त्री खालीच बसला. मग उठून त्याने दिवस मावळेपर्यंतची मुदत मागितली. ओव्हरसियरने ती दिली, पण खरं वजन भरायला आम्हा आठांतला एकही तयार नव्हता. शेवटी चुलता बोलला, "बैल आमचे हायेत, मिस्त्री. तुझं काय जातंय?"

"मी पुलाखाली बसतो की, काका. मधल्या गाळ्यात. बायको भाकरी आणायलीय, तीबी बसंल."

चुलत्याने विचारलं, "कोरड्यास काय हाय?"

"पिठलं."

"मग मलाबी वाढ म्हणावं."

चुलता खरंच खाली जाऊन बसला. त्यानंतर भुसा न्यायला कोणाला तोंड नव्हतं. आम्ही घरी जाऊन पोती पुन्हा भरली, चुलत्याचीही, या वेळी एकमेकांसमोर. तासभर एकशेसाठ मण वजन पुलावर उभं होतं आणि खालून चुलत्याचं आणखी पिठलं मागणं ऐकू येत होतं. ओव्हरसियरने तिन्ही गाळे खालून न्याहाळले, तडा सापडला नाही, आणि सही केली.

मिस्त्रीला चाळीस रुपये रोख मिळाले. पहिली खेप आमच्याच करणीने वाया गेली म्हणून दोन्ही खेपांचा मिळून गाडीमागे एकच रुपया. माझ्या रुपयातले चार आणे चुलत्याला दिले, फाटक्या पोत्याचे.