ताईने शोधलेली मैना

फोन आला तेव्हा मी जरीपटक्यातल्या दुकानात एका बिल्डरशी टाइल्सच्या भावावरून भांडत होतो. धंतोलीच्या दवाखान्यातून बायको बोलत होती. "ताई गेल्या जी..." एवढंच म्हणाली. ताईशी मी वर्षभर बोललो नव्हतो. राग अजून गेलेला नाही, आणि आता तो कोणावर काढायचा तेही कळत नाही.

ताई माझी थोरली चुलत बहीण. शाळेत ग्रंथपाल होती, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर मनीषनगरला एकटी राहायची. आमच्या घराण्याची सुरुवात एका बटकीपासून होते. बटीक म्हणजे सरदाराच्या वाड्यात राबायला विकत आणलेली बाई. घरात हे कोणी बोलत नसे. बाहेरचे मात्र विसरत नसत. मी फूटपाथवर नळाच्या तोट्या विकल्या, त्यातून दुकान उभं केलं, घर बांधलं. तरी मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत एक म्हातारा सगळ्यांदेखत बोललाच, "पैसा आला गा, पण मूळ बटकीचंच ना!" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवशी ताईकडे जाऊन म्हटलं, "विकत आणली त्याच्या आधी ते कोणाची तरी पोरगी असनच ना? तिचं माहेर शोधून दे मले."

त्या वयात ताई मोडी शिकली. दफ्तरात जाऊन वाड्याच्या खर्चाचे जुने कागद वाचू लागली. मी रोज फोन करायचो. "सापडली का?" "दम धर गा, ते काय टाइल आहे का, गोदामातून काढून द्याले?" आणि एक दिवस सापडली. मैना. दिवाळीला तिला दिलेलं लुगडं, तिच्या पोराला दिलेलं धान्य... ते पोर म्हणजे आमचा मूळपुरुष, नाव जुळत होतं. मैनेला जिथून आणलं ते वैनगंगेकाठचं गावही लिहिलेलं होतं. आम्ही दोघं तिथे गेलो. मी देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं आणि देवळाला नवी फरशी बसवून दिली. गावकऱ्यांना छाती फुगवून सांगितलं, हे आमच्या मायचं माहेर.

मग ताईने पुढचे कागद वाचले. मैना मेली, तिच्या मातीचा खर्च लिहिलेला होता. पुढच्या दिवाळीला मैनेला पुन्हा लुगडं! त्या वाड्यात एक बटीक मेली की तिच्या जागी आणलेल्या पोरीला तेच नाव देत. नवं नाव कशाला शोधायचं? अशा तीन मैना निघाल्या. गाव फक्त पहिलीपुढे लिहिलेलं. पोराच्या धान्याचा कागद सुटा, त्यावरचं साल कसरीने खाल्लेलं. आमची कोणती, हे सांगायला काही उरलं नव्हतं.

"पहिलीच धर ना, ताई. कोण येते तपासाले?"

"भाव करून राहिला का गा? माय आहे ते आपली."

"मग दिली काहून होती मले? द्याची नव्हती!"

मी दार आपटून निघालो. ताई नंतरही दफ्तरात जात राहिली. हाती काही लागलं नाही, हे बायकोकडून कळायचं. त्या देवळातली फरशी अजून तशीच आहे. मी तिकडे पुन्हा गेलो नाही.

गेल्या आठवड्यात सर्वपित्री अमावस्या झाली. ताईचं पान यंदा ठेवता येत नाही, वर्ष व्हायचं आहे. बायकोने विचारलं, "मैनेची पानं किती वाढू?"

"किती म्हणजे? एक."

"ताई तीन ठेवत. मागच्या साली मीच वाढून दिली होती."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही गच्चीवर तीन पानं ठेवली. पाणी फिरवताना नाव घ्यायचं असतं. पहिल्या पानाशी मैना म्हणालो. दुसऱ्याशीही मैना. तिसऱ्याशी तोंड उघडेना... आईबापांनी या बायांना ज्या नावाने हाक मारली असेल, ते नाव हे नव्हतंच.

"घ्या ना जी नाव," बायको म्हणाली, "कावळे येऊन राहिले."

"कोणतं घेऊ?" मी विचारलं.