वरची काय म्हणते

आमच्या घरात उपग्रहाला 'वरची' म्हणतात. नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं. तो होडीवर तांडेल आहे, जाळं कुठे टाकायचं ते तोच ठरवतो. निघण्याआधी मला विचारतो, "काय गं, वरची काय म्हणते?" मी फोनवर नकाशा उघडून सांगते. चार माणसांत मी मान खाली घालून बसणारी, पण हे काम माझं.

नकाशा वाचायला मढच्या मच्छीमार सोसायटीत शिकवलं. शिकवायला आलेली मुलगी म्हणाली, वरून समुद्र किती तापलाय ते मोजतात, पण फक्त वरच्या सायीपुरतं. दुधावर साय धरते तशी. खालचं पाणी कसं आहे ते वरून कळत नाही. गरम पाणी लाल, थंड पाणी निळं. दोन रंग जिथे भिडतात तिथे मासा जमायची शक्यता जास्त. बाकीच्या बायका मधेच उठून बाजाराला गेल्या, मी शेवटपर्यंत बसले. चौथीत भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे मला आवडायचे. हाही आवडला.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या तेव्हाची गोष्ट. आमच्या नेहमीच्या जागेवर नकाशात पांढरा डाग होता. होडीत मोठ्या भावजींचा अर्धा वाटा. ते डाग बघून म्हणाले, "इथे कोरं आहे. मासा नाही. डहाणूकडे चला, तिकडे रंग आहेत."

मी दाराआडून म्हटलं, "कोरं म्हणजे मासा नाही असं नसतं, भावजी. तिथे ढग आहे. ढगाखालचं तिला दिसत नाही."

"वरचीला दिसत नाही ते खालचीला दिसतं?"

सगळे हसले. माझा नवराही हसला.

"मलाही नाही दिसत," मी म्हटलं. "म्हणून तर सांगते. डहाणूला जायचं तर तुमच्या मनाने जा. नकाशाच्या नावावर नको."

नवरा नेहमीच्या जागी गेला. बांगडा मिळाला, रोज मिळतो तितकाच. ना फार, ना कमी. भावजींना मला बोलायला तेवढं पुरलं.

"बघितलं हिचं शिक्षण? डहाणूला गेलो असतो तर जास्त मिळाला असता. आण तो फोन. माझी सून कॉलेज शिकलेली आहे, यापुढे ती वाचेल."

त्यांनी हात पुढे केला. नवरा जाळ्यातली गाठ सोडवत बसला, वर बघेना. मी फोन कमरेला खोचला.

"सुनेला पाठवा, मी तिला शिकवीन. पण या होडीचा नकाशा मी वाचणार."

आवाज बारीक निघाला, तरी ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेला. तेव्हापासून भावजी आमच्या ओट्यावर बसत नाहीत. न बसोत. सून मात्र येते, मागच्या दाराने.