क्रिप्टोने साडी घ्यायला निघालो: बदलापूर ते उल्हासनगर

एरवी मी इथे गड आणि घाटांबद्दल लिहिते. हा प्रवास मात्र माहेरच्या दारातून स्कूटरवर निघून तासाभरात पोहोचण्याचा, आणि तरीही त्याने मला जेवढं दमवलं तेवढं कुठल्या घाटाने दमवलं नव्हतं.

मी पुण्याहून बदलापुरात मांजर्लीला आईकडे आले होते. धाकटा भाऊ सुमेध डिप्लोमा झाल्यापासून नोकरीसाठी अंबरनाथजवळच्या आनंदनगरच्या कारखान्यांचे उंबरे झिजवून थकला होता. शेवटी घरी बसून त्याने परदेशातल्या एकाला यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करून दिली. पैसे आले, पण क्रिप्टोत.

आमच्याकडे पहिली कमाई आधी बुद्धमूर्तीपुढे ठेवायची, मग आईच्या हातात द्यायची. माझा पहिला पगार मी पाकिटात घालून ठेवला होता.

"ठेवू काय मग?" आई म्हणाली. "मोबाईल?"

तिला टोमणा मारायचा नव्हता, खरंच कळत नव्हतं. पण पोराचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, ह्याच पैशाने आईला बुद्धपौर्णिमेसाठी पांढरी साडी घेऊ. हातात काहीतरी दिसलं पाहिजे तिला."

"विकून रुपये कर ना."

"मित्राने अनोळखी माणसाला विकले, त्याचे पैसे फसवणुकीचे निघाले आणि बँकेने मित्राचं खातंच अडकवलं. अजून खेटे घालतोय बिचारा."

सकाळी लवकर निघालो. मे महिन्यात हा रस्ता करणार असाल तर तुम्हीही लवकरच निघा. नंतर डांबर तापतं आणि ट्रक वाढतात. पेट्रोल माझ्या पैशांनी भरलं. आनंदनगरपाशी टपरीवर थांबलो. सुमेधने मुद्दाम विचारलं, "काका, क्रिप्टो चालेल?"

"कुठली बँक ती?" काकांनी आलं ठेचता ठेचता विचारलं. "चालंल की. स्कॅन कर."

तसं स्कॅन होत नाही, हे त्यांना समजावता समजावता चहा उतू गेला. वर हिशेब असा, की चहा दहा रुपयांचा आणि ते पैसे पाठवायचा खर्च चहापेक्षा जास्त. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! चहाचे पैसे मीच दिले.

अंबरनाथ मागे टाकून उल्हासनगरच्या कापड बाजारात शिरलो. गाडी लांब लावून चालत जा, नाहीतर हातगाड्यांमध्ये अडकाल. एका मोबाईलच्या दुकानाच्या शटरवर सोनेरी नाण्याचं भलंमोठं स्टिकर दिसलं. सुमेध धावलाच.

"वो स्टिकर?" दुकानदार ओशाळून म्हणाला. "शटर में छेद था भाई, बारिश का पानी आता था."

मी खो खो हसले. सुमेध हसला नाही, तेव्हा मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

साडीच्या दुकानात एक वयस्क सिंधी काका गादीवर बसले होते. त्यांनी न कंटाळता ढीग उलगडला. त्यातली निळ्या काठाची पांढरी सुती साडी आम्हा दोघांना एकदमच आवडली. मग सुमेधने भीतभीत विचारलं.

काकांनी लगेच नकार दिला नाही. चष्मा लावून मोबाईलचा पडदा पाहिला. "पैसा है, दिखता है. मेरा भतीजा दुबई में लेता है. पर बेटा, मुझे शाम को सूरतवाले को माल का पैसा देना है. वो नहीं लेगा ना."

"मी देते," मी म्हणाले.

"मग ती तुझी साडी झाली, ताई." तो गादीवरून उठायला लागला. "राहू दे, जाऊ घरी."

काकांनी साडीची घडी घातली, पण परत ठेवली नाही. "तू बहन को वो भेज. बहन मुझे रुपया देगी. कमाई तेरी ही लगी ना? बैठो, चाय मंगाता हूँ."

एवढं सोपं आम्हा दोघा शिकलेल्यांना रस्ताभर सुचलं नव्हतं, कारण सुमेधला क्रिप्टो थेट दुकानदारालाच द्यायचे होते आणि मी त्याला नुसतं चिडवत होते. गादीवर बसून मी मोबाईलमध्ये क्रिप्टो ठेवायचं वॉलेट उघडलं, त्याने पैसे पाठवले. ते पोहोचेपर्यंत तिघेही पडद्याकडे टक लावून बसलो. आले, तेव्हा टाळी काकांनी वाजवली आणि मी स्कॅन करून त्यांना साडीचे रुपये दिले.

बाहेर दाल पकवान खाल्लं. कुरकुरीत पकवान, वर डाळ, चिंचेची चटणी; उल्हासनगरला जाऊन हे न खाता परतू नका. खिशात सुटे नव्हते आणि तिथे रेंज गेलेली. भावाची कमाई माझ्या मोबाईलमध्ये, आणि मला पन्नास रुपयांची डिश घेता येईना! गेले कित्येक दिवस तो काय सोसत होता, ते तेव्हा कळलं. शेवटी सुमेधनेच पाकिटातली चुरगळलेली नोट काढली आणि पहिल्यांदा मनापासून हसला.

घरी आईने साडी उलगडली, काठावरून हात फिरवला. "पैसे कुणी दिले?"

"सुमेधने."

"आणि ते आता कुठायत?"

"माझ्या मोबाईलमध्ये," मी खरं ते सांगितलं. मग तिने साडी मूर्तीपुढे ठेवली, माझ्या हातातून मोबाईल घेतला, पदराने पुसला आणि साडीवर अलगद ठेवला. सुमेध दारातच उभा होता. तिने त्याला जवळ ओढलं आणि दोघांनी हात जोडले.

"सकाळपर्यंत हलवायचा नाही," ती मला म्हणाली. "पोराची पहिली कमाई आहे."

"आई, माझी पहाटे सहाची पुण्याची गाडी आहे. अलार्म त्यातच आहे गं."

"मी उठवीन."